रंग दिलेली झडप

सुरक्षा तपासणाऱ्या मंडळाच्या प्रश्नांना अणुवीज केंद्राच्या वतीने उत्तरं लिहायची, हे तिचं काम. केंद्रात सगळे तिला उत्तरबाई म्हणत. काम ऐकायला सोपं, पण करणाऱ्याच्या डोक्याचा भुगा. तिने लिहिलेलं 'नाही' वरच्या टेबलावर जाऊन 'अंशतः' व्हायचं, त्याच्या वरच्या टेबलावर 'प्रगतिपथावर', आणि साहेबांच्या सहीपर्यंत पोचेतो 'समाधानकारक'. मग मंडळ तोच प्रश्न पुन्हा विचारायचं, आणि साहेब वर तिलाच म्हणायचे, "मॅडम, तुमची उत्तरं कमी पडतात हो!"

या खेपेचा प्रश्न सरळ होता. वीज पूर्ण गेली, तर भट्टी थंड ठेवणाऱ्या पाण्याची झडप हाताने उघडते का? खात्रीचं उत्तर मिळेपर्यंत बंद असलेली अणुभट्टी सुरू करायला परवानगी नव्हती.

झडप आधी उघडायची. तिचं चाक वर्षानुवर्षं बिनतक्रार फिरत होतं. पण मंडळाची माणसं पाहणीला येणार म्हणून केंद्राने दिसेल त्याला रंग फासला. पाइप, कठडे, आणि त्या भरात झडपेचा दांडासुद्धा. रंग वाळला आणि चाक जागच्या जागी घट्ट बसलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

हे तिला कळलं नवऱ्याकडून. तो तिथेच ऑपरेटर होता. वीज गेली तर त्या चाकाकडे त्यालाच धावायचं होतं. आणि तोच जेवताना म्हणाला, "तू लिही, उघडते म्हणून. रंग काय, खरवडू नंतर."

"नंतर म्हणजे कधी? पाणी थांबल्यावर?"

"अगं, सगळं केंद्र अडून बसलंय. आपल्यामुळे कशाला?"

तिने भांडं आपटलं. साहेबांनी असं म्हणावं ते ठीक, पण घरच्या माणसाने?

दुसऱ्या दिवशी साहेबही तेच म्हणाले, तेव्हा मात्र तिचा पारा चढला. "चला साहेब, समोर उघडून बघू. मग लिहिते."

पंपघरात नवऱ्याला बोलावलं. त्याने चाक धरून जोर लावला. मग भिंतीला पाय टेकवून लावला. मानेच्या शिरा फुगल्या, तळवे लाल झाले, चाक तसूभर हललं नाही. धापा टाकत तो साहेबांकडे बघून हसला. "उघडते साहेब. जरा घट्ट आहे, इतकंच."

"ऐकलंत ना?" साहेब लगेच तिच्याकडे वळले. "लिहा, जरा घट्ट."

तिला साहेबांचा राग आला, पण त्याहून जास्त त्या हसण्याचा आला. निघताना नवऱ्याचे लाल तळवे मात्र तिने एकदा नीट बघून घेतले.

टेबलाशी येऊन तिने लिहिलं, 'झडप उघडत नाही. आम्हीच रंग देऊन ती जाम केली. आमच्या ऑपरेटरने पूर्ण ताकद लावून पाहिली.' खाली, प्रत्यक्ष पाहणारे म्हणून स्वतःचं आणि साहेबांचं पद घातलं. साहेबच हजर होते म्हटल्यावर एकाही टेबलाची शब्द बदलायची छाती झाली नाही. साहेबांनी चरफडत सही केली, आणि भट्टी सुरू होणं लांबलं.

घरी नवरा फुरंगटून बसला होता. "माझी शोभा केलीस. अंगात दम नाही का, विचारतात लोक."

"विचारू देत. वीज गेली की साहेब गाडीत बसतील, मी इथे घरात असेन. त्या चाकापाशी तुम्ही एकटे असाल. तेव्हाही असंच हसणार होतात का?"

तो नुसता दुखरा खांदा चोळत राहिला.