सव्वीसची मोहरी

भैय्यालाल पटले यांनी बासष्ट वर्षांत दोनच तऱ्हेच्या पँटी घातल्या. लहानपणी चुलतभावाच्या उतरलेल्या आणि मोठेपणी राईस मिलच्या खाकी. मिलमध्ये ते फिटर होते. चाळीस वर्षं खाकी, आणि खाकीवर ऑइलचे डाग. निवृत्तीच्या दिवशी मालकानं शाल दिली, नारळ दिला. पँट मात्र कोणी दिली नाही. आता तिसऱ्या तऱ्हेची गोष्ट.

आपल्याकडे लग्नात आहेर म्हणून पँटपीस देतात. घेणारा तो कधी शिवणार नाही हे देणाऱ्याला माहीत असतं, आणि देणाऱ्यानंही तो विकत आणलेला नाही हे घेणाऱ्याला माहीत असतं. पीस पेटीत जातो, पुढच्या लग्नात बाहेर येतो, नवी पन्नी चढवून दुसऱ्याच्या पेटीत जातो. गोंदियाहून तिरोडा, तिरोड्याहून परत गोंदिया. काही पीस इतके फिरलेत की त्यांना रेल्वेनं पास काढून द्यायला हरकत नाही.

भैय्यालाल अठरा वर्षांचे असताना असाच एक पीस घरात आला. चॉकलेटी टेरिकॉट, वर बारीक पांढरी रेघ. साल एक्याऐंशी. मुंबईत बेलबॉटम संपत आली होती, म्हणजे गोंदियात जोरात होती. भैय्यालालनं बाप शेतावर गेल्याचं पाहून पेटी उघडली आणि पिसाच्या किनारीवर बॉलपेनानं लिहून टाकलं: भै. ब. पटले, बेलबॉटम, मोहरी २६. मोहरी म्हणजे पँटच्या खालच्या तोंडाचा घेर. सव्वीस इंच घेरात माणसाचा बूट, मोजा आणि वेळ पडली तर एखादी कोंबडीसुद्धा झाकली जाते.

बाप बकाराम. पुढच्याच आठवड्यात त्यांनी तो पीस कोण्या मेव्हण्याच्या पोराच्या लग्नात देऊन टाकला. भैय्यालाल रडकुंडीला आला, तर म्हणाले, "आहेराचा कपडा अंगाले नसते लावत बे. तो जाण्यासाठीच असते."

पीस गेला. भैय्यालाल मिलमध्ये गेले.

आणि या एप्रिलात नागरा गावच्या एका लग्नातून आहेराची पिशवी आली. त्यात टॉवेल, नारळ आणि चॉकलेटी टेरिकॉट. पत्नी सुशिलाबाई सवयीनं पीस पेटीत ठेवायला निघाल्या, तर भैय्यालालनी हातातून ओढला. घडी उलगडली. किनारीवरची शाई जांभळट पडली होती, पण अक्षर त्यांचंच होतं. ते तिथंच जमिनीवर बसले.

"अजी, असे काऊन बसले? विंचू निंघाला का त्यातून?"

"माही पँट आली."

"आता? कुठून?"

"मले का मालूम. चव्वेचाळीस साल लागले तिले. पैदल आली असन."

सुशिलाबाईंनी किनार वाचली, नवऱ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "बरं, झालं ना पाहून? ठेवून द्या. पुढच्या महिन्यात पोराचं साक्षगंध हाये, कोणाले तरी द्याले होईल." साक्षगंध म्हणजे साखरपुडा.

"हा पीस आता कोणाच्या बापाले भेटत नाही," भैय्यालाल म्हणाले. असं ते घरात कधी बोलत नसत. सुशिलाबाईंना वाटलं, ऊन लागलं.

देवाजी टेलरचं दुकान बस स्टँडच्या मागे. वय चौऱ्याहत्तर, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी किनार चष्म्याजवळ नेऊन वाचली. मग भैय्यालालच्या कंबरेला टेप लावला.

"अडतीस. हे लिहिलं तवा किती होती?"

"सव्वीस."

"कंबरही सव्वीस, मोहरीही सव्वीस! तू माणूस होता का पाइप?"

"तू शिवून देतो का नाही, ते सांग."

"कपडा कमी हाये गा. एक तर पोट बसन, नाही तर घेर बसन. दोन्ही नाही बसत."

"घेर कमी नाही कराचा. पोटाचं मी पाहून घेतो."

"पोटाचं पाहाले तुले सहा महिने लागतीन. पोराच्या साक्षगंधात घालतो म्हणतो, ते कवा हाये?"

शेवटी देवाजींनी उपाय काढला. गुडघ्यापासून खाली तिकोनी तुकडा जोडायचा, त्याला कळी म्हणतात. मात्र चॉकलेटी तुकडा दुकानात नव्हता. गाठोडं उपसून निघाला तो हळदी रंगाचा.

"हे दिसन बरं," देवाजी म्हणाले.

"दिसाले पाह्यजे म्हणून तर शिवून रायलो."

देवाजींनी खडू उचलला आणि एकदम थांबले. "कॉलेजच्या पोरी मोबाइलवर फोटो आणतात, असाच घेर मागतात. रेट्रो म्हणतात त्याले. मी म्हणतो, बाई, हे मीच शिवलं होतं, तुह्या आजाच्या वक्ताले."

"मंग त्यायले कोणी हासते का?"

"त्यायले कायले हासन? त्या बावीस वर्साच्या हायेत."

घरी जाताना भैय्यालाल न्हाव्याकडे वळले आणि सांगितलं की आजपासून कल्ले कापायचे नाहीत. पंधरा दिवसांत कानाखाली दोन पांढऱ्या पट्ट्या उतरल्या. त्यांना कलप लावला, तर एक काळी झाली आणि एक तांबूस. सुशिलाबाई म्हणाल्या, "एका बाजूनं तुम्ही जवान दिसता. दुसऱ्या बाजूनं मी पाहात नाही."

पँट आली त्याच सकाळी ते ती घालून गुजरीत भाजी आणायला गेले. पांढरा शर्ट आत खोचलेला, रुंद पट्टा, आणि खाली दोन्ही पायांवर चॉकलेटी घंटा, त्यात हळदी कळ्या. चालताना रस्ता झाडला जात होता. ऑटोवाले उभे होते.

"अरे काका! हीरो कब से बन गए?"

"हीरो तो था ही," भैय्यालाल न थांबता म्हणाले, "पिक्चर तुमने नहीं देखी."

ऑटोवाले खूश झाले. त्यांतल्या एकानं व्हिडिओ काढला. भैय्यालाल वांगी आणि कोथिंबीर घेऊन घरी पोचायच्या आत तो व्हिडिओ नागपूरला पोचला होता, कारण त्यांचा मुलगा स्वप्निल नागपूरला नोकरीला होता आणि त्याचे मित्र तत्पर होते.

स्वप्निल दोन दिवस आधीच आला. सोबत एक मोठी पिशवी. साक्षगंधासाठी त्यानं घरातल्या सगळ्या पुरुषांना एका रंगाची जाकिटं शिवून घेतली होती. रंगाचं नाव तो इंग्रजीत सांगत होता. गोंदियात त्याला वांगी कलर म्हणतात.

"बाबा, हे तुमचं."

"ठेव तिथं."

"ते दुसरं तुम्ही घालणार नाही ना?"

"घालणार हाये."

स्वप्निल खाली बसला. त्यानं चांगल्या शब्दांत सांगून पाहिलं. मुलीचे वडील शालीकराम बिसेन हेडमास्तर होते, त्यांचे पाहुणे बालाघाटहून येणार होते, दोनशे लोक. मग चांगले शब्द संपले.

"बाबा, हासतीन लोक! माह्या साक्षगंधात तुमचा तमाशा काऊन?"

"तमाशा नाही. पँट हाये ते."

"मंग ऐका. हे घालाचं असन तर घाला. पण व्याहीभेट गजेंद्रकाका करन. स्टेजवर तुम्ही नोका येऊ."

व्याहीभेट म्हणजे दोन्ही बापांनी सगळ्यांसमोर एकमेकांना टिळा लावायचा आणि गळाभेट घ्यायची. त्यासाठी बाप लागतो. बाप जिवंत असताना काकानं ती केली, तर लोक बापाची तब्येत विचारतात.

भैय्यालालनी जाकीट खुर्चीवर सारलं. मग म्हणाले, "तू सहावीत होता. शाळेत मीटिंग होती. मी मिलमधून सरळ आलो, खाकीवर. तू गेटवर आला आणि म्हणाला, बाबा, तुम्ही इथंच थांबा, आईले आत जाऊ द्या. मी थांबलो."

स्वप्निलला ते आठवत होतं.

"तवा खाकीची लाज वाटली. आता घेराची वाटून रायली. मले एकच सांग, तुले माह्या कपड्याची लाज वाटते का माही?"

"तसं नाही बाबा..."

"मंग कसं?"

स्वप्निल उठून बाहेर गेला. जाकीट खुर्चीवर तसंच पडून राहिलं. सुशिलाबाईंनी भांडी आपटली, दोघांच्याही नावानं आपटली. त्या कोणाच्याच बाजूनं नव्हत्या. पण साक्षगंधाच्या सकाळी नवऱ्यानं पँटवर इस्त्री फिरवताना घडी वाकडी पाडली, तेव्हा त्यांना ते पाहावलं नाही. इस्त्री हिसकावून त्यांनी दोन्ही पायांवर अशी सरळ घडी पाडली की हात कापावा. "शोभा व्हाचीच हाये तर इस्त्रीची तरी नोको," म्हणाल्या.

तिरोडा रोडवरच्या लॉनमध्ये मांडव. मे महिना. टेरिकॉटमध्ये वारा आत येत नाही आणि घाम बाहेर जात नाही, हे भैय्यालालना अठराव्या वर्षी कोणी सांगितलं नव्हतं. ते तिसऱ्या रांगेत बसले. पहिल्या रांगेत वांगी जाकिटं होती. बालाघाटच्या बायका पदराआडून बघत होत्या, पोरं मोबाइलआडून. एक म्हातारे पाहुणे मागून येऊन त्यांच्या पायांकडे पाहून गेले, आणि परत जाऊन आपल्या बायकोला घेऊन आले.

नवरीला टिळा झाला. ओटी भरली. मग माइकवाला म्हणाला, "आता व्याहीभेट! मुलीचे वडील आणि मुलाचे वडील, स्टेजवर यावे."

गजेंद्र पहिल्या रांगेत अर्धवट उठला. त्याच्या मागून भैय्यालाल आले.

"दादा," गजेंद्र हळूच म्हणाला, "स्वप्निलनं मले सांगतलं होतं..."

"तू त्याचा बाप होय का?"

"नाही."

"मंग बस."

गजेंद्र बसला. जाकीट घातलं तरी भाऊ धाकटाच होता.

स्टेजला चार पायऱ्या. तिसऱ्या पायरीवर उजवा घेर खिळ्यात अडकला. हसू पसरलं, मागून कोणीतरी शिट्टी मारली. भैय्यालालनी वाकून घेर सोडवला, झटकला, घडी नीट केली. घाई केली नाही. मग वर गेले. स्वप्निल सोफ्यावर नवरीशेजारी, अंजूशेजारी बसला होता. तो समोरच्या पंख्याकडे बघायला लागला.

हेडमास्तर बिसेन यांनी टिळा लावताना आवाज खाली घेऊन विचारलं, "व्याहीबुवा, हा काही नवस-बिवस आहे का?"

"नाही," भैय्यालाल म्हणाले. "पसंती हाये."

हेडमास्तरांनी खाली एकदा पाहून घेतलं आणि गळाभेट घेतली.

मग अंजू पाया पडायला वाकली. वाकली आणि थांबली. डावीकडे हात नेला, कापड. उजवीकडे नेला, पुन्हा कापड, हळदी. वर बघून म्हणाली, "बाबाजी, पाय कुठं हायेत?"

भैय्यालालनी दोन्ही हातांनी दोन्ही घेर उचलले, जशा धानाच्या बांधीत रोवणी करणाऱ्या बाया लुगडं उचलतात. "हे घे बाई. हायेत दोन्ही." मांडव पुन्हा हसला. या वेळी तेही हसले, कारण विचारणारीनं खरंच पाय शोधले होते.

फोटोग्राफरनं सगळ्यांना ओळीत उभं केलं. मधोमध जोडी, एका अंगाला बिसेन, दुसऱ्या अंगाला पटले. त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला आणि दोन पावलं पुढं आला.

"काका, कमरेपर्यंत घेतो. चेहरे मस्त येतात."

भैय्यालाल दोन पावलं मागं सरकले. फोटोग्राफर आणखी पुढं आला. भैय्यालाल आणखी मागं, इतके की पाठ फुलांच्या पडद्याला टेकली. ओळ तुटली. सुशिलाबाई एकट्या पुढं राहिल्या.

"काका, असं काऊन करून रायले?"

"फुल साइज घे. बुटापासून."

फोटोग्राफरनं स्वप्निलकडे पाहिलं. कमरेपर्यंतचं कोणी सांगितलं होतं ते सगळ्यांना कळलं.

"बाबा," स्वप्निल दात न उघडता म्हणाला, "लोक पाहून रायले."

"त्यासाठीच तर स्टेज बांधलं बे. मी गेटवर एकदा थांबलो. आता नाही थांबत. फोटो निंघन तर पुरा निंघन, नाही तर माह्याविना काढा."

अंजूनं होणाऱ्या नवऱ्याकडे पाहिलं. हेडमास्तरांनी घड्याळाकडे. आचारी पुऱ्या तळायचं सोडून बघत होता. स्वप्निलच्या कपाळावरचा टिळा घामानं नाकापर्यंत आला होता. शेवटी त्यानं हात हलवला.

"घे. फुल घे. लवकर घे."

प्रेमानं म्हणाला असं सांगता येणार नाही. त्याला ते संपवायचं होतं. पण म्हणाला. मग सगळी ओळ फुलांच्या पडद्याला लागून उभी राहिली आणि फोटोग्राफर मागं मागं जात पहिल्या रांगेच्या खुर्च्यांवर आदळला.

आठ दिवसांनी फोटो दाखवायला तो घरी आला. फोटोत भैय्यालाल पाय फाकवून उभे, दोन्ही घेर पुरते पसरलेले, कळ्या उन्हात पिवळ्याधमक. शेजारी स्वप्निल, तोंड कडू औषध घेतल्यासारखं.

"काका, याचं तोंड बदलून देऊ का?" फोटोग्राफर म्हणाला. "दुसऱ्या फोटोतलं हासरं लावता येते. कोणाले समजत नाही."

भैय्यालालनी फोटो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला.

"राहू दे," ते म्हणाले. "ज्याले जसं उभं राहाचं होतं, तसा तो उभा हाये."