वामनभाऊंचं परदेशी सामान

स्पेअर पार्टच्या दुकानात न खपलेला माल साठतो, तसे किस्सेही साठत जातात. फरक एवढाच, की किस्सा कोणी "फिट बसत नाई" म्हणून परत आणून देत नाही!

मूल गावात माझं दुकान, शेजारी शकीलभाईंचं गॅरेज आणि मधल्या बाकावर वामनभाऊ. भाऊ धानाची दलाली करतात, जुन्या गाडीतून गावोगाव हिंडतात. माझं दुकान नाकासमोर असून सामान मात्र मोबाइलवरून परदेशी मागवतात. स्वस्त पडतं म्हणे. डब्यावर काय लिहिलंय ते आम्हा तिघांनाही वाचता येत नाही. त्यांची गाडी जंगलाच्या रस्त्याला लागली, की ती परत दिसेपर्यंत माझ्या जिवाला घोर.

*

आधी आला हॉर्न. दाबला की वाजायचा, सोडला तरी वाजतच राहायचा. एका गावात पुढे मयत चालली होती आणि मागे हा अखंड चालू. शेवटी भाऊंनी उतरून वायर तोडली, गाडी बाजूला लावली आणि थेट स्मशानापर्यंत चालत गेले.

"कोण वारलं होतं?" शकीलभाईंनी विचारलं.

"मले काय मालूम? पण एवढा कल्ला केल्यावर तसंच निघून जाणं बरं दिसते का?"

*

मग बाजूचा आरसा. त्यात सगळं होतं त्याहून फार लांब दिसायचं. मागे चिकटलेली एसटी पार लांब राजुऱ्याला उभी असल्यासारखी वाटायची. मी म्हटलं, "भाऊ, धोका आहे, बदला हा."

"राहू दे ना बे. मांगचं सारं दूर दिसते, मनाले बरं वाटते."

शकीलभाईंनी दुसऱ्या दिवशी न विचारताच बदलून टाकला.

*

पेट्रोलचा काटा बसवला, तो कायम फुल्लवर. गाडी रस्त्यात बंद पडली म्हणून फोन आला, तेव्हा शकीलभाई काय ते समजले आणि बाटलीत पेट्रोल घेऊन पोचले. भाऊंनी शांतपणे काट्याकडे बोट दाखवलं.

"पेट्रोल तं फुल्ल हाय. तुमी दुसरा फॉल्ट पाहा."

*

एकदा ब्रेकपॅड आले आणि आमचं हसणं थांबलं. शकीलभाईंनी एक पॅड बाकावर ठेवून पान्यानं जरासं ठोकलं. पापडासारखे तुकडे झाले.

"भाऊ, हे मी नाई लावत," ते म्हणाले. "दोस्ती राहो नाईतर जावो."

वामनभाऊंनी ते तुकडे एकेक करून डब्यात भरले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्या दुकानातले दे." त्या दिवशी मी निवांत जेवलो.

*

त्यानंतर सेंट्रल लॉक आलं, तेही परदेशी. कुलपात जिवाला काय धोका, म्हणून शकीलभाईंनी बसवून दिलं.

एका दुपारी भाऊ सिंदेवाहीहून परत येत होते. जंगलात लघवीला गाडी थांबवली, तर दार उघडेना. चारही दारं बंद. काच उतरवून बाहेरचं हँडल ओढलं, ते ढिम्म. खिडकीतून निघावं, तर पोट आडवं आलं. मग मला फोन लावला आणि ती कंपनी, शकीलभाई, मी, सगळ्यांचा उद्धार सुरू केला. बोलता बोलता एकदम गप्प झाले.

"भाऊ?" मी म्हटलं.

बारीक आवाज आला, "चूप. वाघ हाय."

ज्या सागाच्या आडोशाला ते जाणार होते, तिथूनच वाघ उठला होता. काच वर जाताना फोनवर ऐकू आली. मग काहीच नाही. मी आणि शकीलभाई फोनला कान लावून उभे. बऱ्याच वेळानं गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. इतकं हायसं मला आयुष्यात वाटलं नव्हतं.

भाऊ गॅरेजला पोचले तेव्हाही आतच अडकलेले होते. शकीलभाईंनी काचेच्या फटीतून पट्टी घालून दार उघडलं, पाणी दिलं आणि लॉक काढायला स्क्रूड्रायव्हर उचलला. भाऊंनी त्यांचा हात धरला.

"काढू नोका." घटाघटा पाणी प्यायले. "तुमची वहिनी रोज त्याच रस्त्यानं शाळेत शिकवाले जाते. तिच्या स्कुटीले बसन का असं लॉक?"