यादीवाल्यांचं वरचं उत्तर

रुग्णालयात त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. यादीवाले म्हणजे यादीवाले. डायलिसिसला उद्या कोणी किती वाजता कुठल्या यंत्राला लागायचं, ती यादी काढायची त्यांनी. आधी हाताने काढत. मग पुस्तकं चाळून चाळून त्यांनी स्वतः संगणकासाठी एक स्क्रिप्ट लिहिली. बटण दाबलं की कागद बाहेर. तिला ते "आमची धाकटी" म्हणत, आणि घरची थोरली, म्हणजे बायको, कपाळाला हात लावी.

त्या दिवशी सकाळी नवा संगणक आला. धाकटीला त्यावर बसवलं, बटण दाबलं. कागद आला. वर तारीख, खाली रकाने, रकान्यांत काही नाही. पडद्यावर चौदाव्या ओळीबद्दल एक तक्रार. जुना संगणक तोवर टेम्पोत बसून गेलासुद्धा.

"तीनला फोन लावायला घेते," फोनवाल्या बाई दारातून म्हणाल्या. "उद्या सकाळच्या पाळीसाठी लांबच्यांना आजच निघावं लागतं, चारला शेवटची बस. कोरा कागद वाचून दाखवायची कला मला अजून आलेली नाही हो."

हाताने करायला बसले, तर नवव्या नावाला गाडं अडलं. काविळीच्यांना वेगळं यंत्र, कोणाला चार तास, कोणाला साडेतीन. सगळे नियम धाकटीच्या पोटात. शेवटी त्यांनी जाणकारांच्या मेलगटावर स्क्रिप्ट आणि तक्रार डकवून गाऱ्हाणं घातलं.

कोणीतरी विचारलं, 'कुठल्या यंत्रणेवर चालवताय?' यादीवाल्यांनी झटकन त्या मेलच्या डोक्यावर उत्तर लिहिलं. आयुष्यभर फायलीत ताजा कागद सगळ्यात वर लावलेला माणूस तो. दुसरीकडे कुठे लिहिणार?

गट खवळला. 'आधी उत्तर, मग प्रश्न? आम्ही काय शीर्षासन करून वाचायचं?' दुसरा म्हणाला, 'नियमावली वाचा. उत्तर प्रश्नाच्या खाली लिहायचं.' तिसऱ्याने पहिल्या दोघांचं सगळं लांबण पुन्हा चिकटवलं आणि खाली एवढंच लिहिलं, 'सहमत.' यादीवाल्यांनी माफी मागितली. तीही वरच.

बाराला आणखी एक मेल आली. उघडली तर त्यांचंच गाऱ्हाणं, प्रत्येक ओळीच्या कपाळावर एकेक बाण. पडदाभर तेच. माझंच पत्र माझ्या तोंडावर फेकलं, असं वाटून त्यांचे कान तापले. त्यांनी मेल मिटली.

दीड. दोन. मेल नाही. थोरलीचा फोन आला, "अहो, डबा खाल्लात का?"

"खातो."

"म्हणजे नाही."

त्यांनी नवव्या नावापासून पुन्हा सुरुवात केली. घाईत अक्षर असं आलं, की त्यांचं त्यांना लागेना.

तीनपासून खोळंबलेल्या बाई साडेतीनला आत आल्या. "कोणीच काही सांगितलं नाही?"

"शिव्या दिल्या. एकाने तर माझंच पत्र परत केलं. हे बघा."

बाईंनी माऊसचं चाक फिरवलं. फिरवत राहिल्या. "यादीवाले, बाण आहेत ते तुमच्या ओळींना. हे बाणाशिवायचं काय आहे इथे खाली?"

चौदाव्या ओळीच्या बरोबर पायाशी, सभ्यपणे, कोणीतरी लिहिलं होतं: 'इथे बरोबरची (=) दोन चिन्हं आहेत. एकच ठेवा. दोन तुमच्या जुन्या संगणकाला चालली, प्रत्येकाला चालत नाहीत. यादी रुग्णांची दिसते, म्हणून लगेच लिहितोय.'

बारा वाजल्यापासून ते तिथेच होतं.

एक चिन्ह खोडलं. कागद आला तो छत्तीस नावांनी भरून. बाई तो घेऊन पळत सुटल्या, यादीवाले मागे. पहिल्या पाळीतल्या लांबच्यांना आधी फोन. पाचांपैकी चौघांनी उचलला. एक जण तर बसथांब्यावरच होता. पाचव्या एक आजी होत्या, सकाळी सातच्या, यंत्र क्रमांक दोन.

घंटा वाजत राहिली.

"उचलत नाहीत," बाई म्हणाल्या.

"पुन्हा लावा."

"तीनदा लावला. चारला पाच कमी आहेत."

"बाई, त्यांचा डायलिसिसचा आधीच एक दिवस चुकलाय." यादीवाल्यांनी कागदावर आजींच्या नावावर बोट ठेवलं. "लावा."

बाईंनी लावला. पलीकडे घंटा वाजत होती, आणि यादीवाले टेबलाची कड धरून प्रत्येक घंटेला मान हलवत होते, जणू कोणी काही सांगतंय आणि यांना ते पटतंय. चार वाजून गेले तरी त्यांनी बाईंना फोन खाली ठेवू दिला नाही.