कुलूप कमी करणारी सून

किहीमच्या घरात मोबाइलला धड रेंज मिळते ती फक्त पडवीत. त्यामुळे माझ्या ऑफिसच्या सगळ्या बैठका सासूबाईंच्या कानावरून जातात. त्या तिथेच बसून नारळ खवतात.

मी संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर काम करते. मेमरीचे बारीक तुकडे पाडलेले असतात, त्यांना आम्ही पानं म्हणतो. कुठलं पान नुकतंच वापरलं आणि कुठलं कधीचं पडून आहे, याची यादी सिस्टिम ठेवते. जागा कमी पडली की पडीक पान आधी काढायचं. या यादीला कुलूप एकच, म्हणजे एका वेळी एकाच प्रोसेसरने तिला हात लावायचा. आमच्या मोठ्या सर्व्हरवर प्रत्येक प्रोसेसर एकेका पानासाठी ते कुलूप मागायचा आणि बाकीचे सगळे खोळंबायचे.

त्या दिवशी मी पुण्याच्या सहकाऱ्याला फोनवर तावातावाने सांगत होते, "अरे, सगळे कुलपापाशीच ताटकळतायत! प्रत्येकाला आपापली पानं बाजूला साठवू दे. गठ्ठा झाला की एकदाच कुलूप घ्यायचं. कुलूप कमी कसं लागेल, हाच तर प्रश्न आहे!"

खवणीचा आवाज थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोठीला कुलूप, न्हाणीघराला कुलूप, माझ्या खोलीलाही कुलूप.

"आई, हे काय?"

"तूच म्हणालीस ना, कुलपं कमी हायेत? बरं झालं बोललीस." चाव्यांचा जुडगा कमरेला खोचून त्या मासळी आणायला निघूनही गेल्या.

लॅपटॉप आत, बैठक तोंडावर. आमच्याकडे उतरलेले एक पर्यटक खांद्यावर टॉवेल टाकून न्हाणीघरापाशी उभे. सासऱ्यांना चहासाठी कोठीतली साखर हवी. शेवटी सासऱ्यांनी नारळ पाडायची आकडी आणली, खिडकीच्या गजांतून आत घातली आणि मोठ्या कौशल्याने माझी वाळलेली साडी बाहेर ओढली.

"पुन्हा बघतो."

"नको बाबा, लॅपटॉप पडेल!"

बैठक मोबाइलवरच केली. चाचणीत सर्व्हर कोसळला होता: एका प्रोसेसरच्या गठ्ठ्यात असलेलं पान दुसऱ्याने मोकळं करून टाकलं होतं. "गठ्ठ्यात आहे तोवर त्याला कुणी हात लावायचा नाही, अशी खूण करू," असं मी म्हणतेय तोच सासूबाई आल्या. टॉवेलवाले अक्षरशः धावले.

त्या खुणेनंतर सर्व्हर टिकला. खोळंबाही पुष्कळ कमी झाला. मग मी सासूबाईंना सावकाश समजावलं, की माझं काम कुलपं लावण्याचं नाही, कुलपापाशी थांबणं कमी करण्याचं आहे. त्यांनी समजल्यासारखी मान डोलावली.

संध्याकाळी शेजारच्या काकू पत्र्याची ट्रंक घेऊन दारात हजर. "सूनबाई कुलपाचं काम करते म्हणं? हिची चावी सापडत न्हाय. बघ गो जरा."

सासूबाईंनी कौतुकाने माझ्याकडे पाहिलं. मी बाबांकडे हातोडी मागितली.