थांबणारा ट्रक

आमच्या मैदानावर एकच ट्रक होता आणि त्याला दोन पाय होते. प्लायवूडची फळी, तिला लाल रंग, दिव्यांच्या जागी जुन्या टॉर्चच्या दोन काचा आणि खांद्यांवरून जाणारे पट्टे. ही फळी अडकवून तो रस्त्यावर उतरायचा आणि तोंडाने "पोंऽऽ" करायचा. मुलं त्याला ट्रकमामा म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते वाचायला जातंय कोण.

मैदान म्हणजे पाण्याच्या टाकीमागची पालिकेची जागा. सिमेंटवर आखलेले पांढरे रस्ते, एक चौक आणि माणसाच्या कमरेएवढे सिग्नल. शाळा मुलांना पाठवत आणि तो त्यांना रहदारीत सायकल कशी चालवायची ते शिकवायचा. सायकली माझ्याकडे. ब्रेक आवळायचे, चेन बसवायची, पंक्चर काढायचं. एकोणीस वर्षं आम्ही दोघंच होतो. साहेब वर्षातून दोनदा यायचे, फोटोपुरते.

माणूस नाकासमोर चालणारा. रस्ता रिकामा असला तरी लाल दिव्याला उभा. मी म्हणायचो, "अरे, मांजरसुद्धा ओलांडून गेलं, तू कुणाची वाट बघतोयस?" तो म्हणायचा, "लाल आहे." बस्स, एवढंच. मग मलाही मुकाट्याने त्याच्या शेजारी उभं राहावं लागे. त्याने लग्न केलं नाही. धोब्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत विधवा बहीण, तिची मुलगी आणि तो, अशी तिघं राहायची.

त्याचा सगळा धडा तीन शब्दांचा होता: हात, मान, वळण. आधी हात बाहेर काढून दाखवायचा, मग मान वळवून मागे बघायचं आणि मगच वळायचं. मुलं घसा फाडून हे ओरडत. मग एकेकाने सायकलवरून चौकात यायचं, मागून हा ट्रक होऊन यायचा. मुलाने हात दाखवला की ट्रक दोन हात अंतरावर थांबायचा. मूल वळायचं, "थँक्यू ट्रकमामा" म्हणायचं, पालक टाळ्या वाजवायचे.

यात एक गोष्ट हळूहळू झाली. मुलांचा हात राहिला आणि मान गेली. तोंडाने "मान" म्हणायची, पण वळवायची नाहीत. कशाला वळवतील? मागे मामा आहे आणि मामा थांबतोच. त्याला ते दिसत नव्हतं, कारण त्याचं सगळं लक्ष वेळेवर थांबण्यात असे. मला दिसत होतं. पण मी ब्रेकवाला, माना काही माझ्या खात्यात येत नव्हत्या. मी गप्प राहिलो.

त्याची भाची चार वर्षांची असल्यापासून मैदानावर यायची. बाकीच्यांचा तो ट्रकमामा, हिचा खराखुरा मामा. हात दाखवावा तर तिने. खांद्याच्या रेषेत सरळ, बोटं जुळलेली, पट्टीने आखल्यासारखा. नवी तुकडी आली की तो तिलाच पुढे करून म्हणायचा, "बघा, हात असा." हे म्हणताना त्याची छाती फुगायची. मी त्यावरूनही त्याला छळायचो.

ती दहा वर्षांची झाली तेव्हा तिला एकटीने सायकलवर शाळेत जायची परवानगी मिळाली. सायकल मीच तयार केली. तिसऱ्या आठवड्यात दूध केंद्राजवळच्या वळणावर तिने हात दाखवला आणि वळली. मागून ट्रक येत होता. तिचा डावा पाय गुडघ्याखालून गेला.

पोलिसांपुढे ड्रायव्हरने जे सांगितलं ते मी माझ्या कानांनी ऐकलंय. तो रडत होता. म्हणाला, "हात दिसला ना साहेब. मला वाटलं, पोरगी कुणाला तरी टाटा करतेय." खोटं बोलत नव्हता बिचारा. आम्ही एकोणीस वर्षं हजारो मुलांना हात दाखवायला शिकवलं, पण ज्यांना दाखवायचा त्यांना त्याचा अर्थ कुणी सांगितलाच नव्हता.

दवाखान्यात ती रोज एकच विचारायची. "मामा, माझा हात चुकला का? खांद्याच्या रेषेत होता. मी बघितलं होतं."

"बरोबर होता गं."

"मग तो का नाही थांबला?"

यावर तो पाणी आणायला बाहेर जायचा. तांब्या भरलेला असला तरी जायचा.

तेवढ्यात वार्षिक अहवालाचे दिवस आले. त्यात दरवर्षी एक ओळ असते, 'प्रशिक्षित मुलांचे अपघात: शून्य'. साहेबांनी आम्हाला बोलावलं आणि त्याला विचारलं, "ती कुठल्या शाळेच्या यादीतून आली होती का?" तो म्हणाला, "नाही, घरचीच. माझ्याबरोबर यायची." साहेबांचा चेहरा उजळला. "मग ती आपली प्रशिक्षित नाही. शून्य राहू दे." सुंठीवाचून खोकला गेला. त्या माणसाच्या तोंडावर तो कागद फेकावा असं मला वाटलं. वाटलं, इतकंच.

पुढच्या सोमवारी नवी तुकडी आली. त्याने फळी अडकवली आणि म्हणाला, "आज ट्रक थांबणार नाही." मुलं हसली. पहिल्या मुलाने ऐटीत हात दाखवला, मान सरळ, आणि वळला. फळी मागच्या चाकावर आदळली. मुलगा पडला, कोपर खरचटलं.

"तुम्ही थांबायचं असतं," तो रडत म्हणाला.

"मागे बघितलंस?"

"पण तुम्ही थांबायचं असतं."

दुसरी मुलगी पडली. तिसरा पडता पडता वाचला. पाचव्याची मान एवढी वळली की मोडते की काय असं मला वाटलं, आणि ट्रक बघून तो वळायचा थांबला. त्यानंतर सगळेच मागे बघायला लागले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मला मैदानावर माना दिसल्या.

दुपारपर्यंत पालकांच्या तक्रारी पोचल्या. साहेब म्हणाले, "मुलांना हसतखेळत शिकवायचं असतं, पाडायचं नसतं." माझ्याकडे लेखी जबाब मागितला. मी लिहिलं, 'ट्रक थांबला नाही. दोन मुले पडली.' अक्षर न् अक्षर खरं होतं. मानांचं काही लिहिलं नाही. नोकरीची काही वर्षं उरली होती आणि साहेबांना काय हवंय ते मला कळत होतं. खरं लिहूनही माणसाला बुडवता येतं, हे मी तेव्हा शिकलो. त्याची बदली पाणी खात्याच्या भांडारात झाली. तिथे तो मीटर पुसून फडताळात लावतो.

एका रविवारी मी त्याच्या घरी गेलो. तिची सायकल मी सरळ करून नेली होती. कशासाठी, ते मला विचारू नका. बहिणीने चहा दिला. नवा पाय भिंतीला टेकवून ठेवलेला होता आणि ती पलंगावर बसली होती.

"काका, तुम्ही सांगा," ती म्हणाली. "मामा नीट सांगत नाही. माझा हात चुकला होता का?"

मी त्याच्याकडे बघितलं. या वेळी तो पाणी आणायला उठला नाही.

"हात नाही चुकला," तो म्हणाला. "तू मान वळवली नाहीस. आणि मी दरवेळी थांबायचो, म्हणून तुला त्याची सवयच लागली नाही. चूक माझी आहे, बाळा. तुझी नाही."

तिने चादरीचं टोक पिळलं. मग म्हणाली, "हे मैदानावरच्या पोरांना सांगितलंस?"

"सांगितलं. एक दिवस."

"मग?"

"मग मला तिथून काढलं."

ती माझ्याकडे वळली. "काका, तुम्हाला नाही ना काढलं?"

"नाही," मी म्हणालो.

"मग आता ट्रक थांबतो का?"

फळी आता एका नव्या मास्तरांच्या खांद्यावर असते. हसरे आहेत, पालकांना आवडतात.

"थांबतो," मी म्हणालो.

बहिणीने पुढे होऊन माझ्या हातातला कप घेतला. चहा अजून अर्धा होता.