सरांनी मला कॅनडा केलं

परवा सर गेले. आणि ते नक्की कुणाच्या बाजूचे होते, हे मला अजून कळलेलं नाही.

रडायचं सोडून मी हाच विचार करत बसलेय. स्वतःचाच राग येतोय, पण खरं तेच आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सर म्हणजे माझे पीएचडीचे गाइड. नांदेडला लॉ कॉलेजात आंतरराष्ट्रीय व्यापार कायदा शिकवायचे. कुणाच्या मालावर किती ड्युटी लावता येते, कोण कुणाचा माल बंदरावर अडवू शकतो, दोन देश भांडले तर निवाडा करणारं पॅनल काय बघतं, हा सगळा विषय.

एलएलबीला हा ऑप्शनल होता. आम्ही अकरा जण. निम्मे दुसरीकडे जागा नव्हती म्हणून आलेले. मीसुद्धा.

पहिल्या तासाला सरांनी प्रत्येकाला एकच विचारलं. "घरी काय पिकतं?"

अर्धापूरचा एक जण म्हणाला, केळी.
"तू इक्वेडोर."

उदगीरचा एक जण म्हणाला, "सर, आमची दालमिल आहे. बाहेरून वाटाणा मागवतो."
"मग तू भारतातला शेतकरी."

मी म्हणाले, रेणापूर, हरभरा.
"तू कॅनडा."

नियमच होता त्यांचा. वर्षभर आपल्या घराच्या विरुद्ध बाजूने भांडायचं. कॅनडातून पिवळा वाटाणा येतो, तो बेसनात जातो आणि आमच्या हरभऱ्याचा भाव पडतो. म्हणून मी कॅनडा, आणि केळीवाला जगभर केळी विकणारा इक्वेडोर.

नाव चिकटलं ते चिकटलंच. एकदा सरांनी घरी फोन करून विचारलं, "कॅनडा आहे का?"
अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शांतपणे सांगितलं, "न्हाई, हे रेणापूर हाय." आणि फोन ठेवून दिला.

वर्षाच्या शेवटी वर्गात खोटी केस चालायची. पण पॅनलवर सर प्राध्यापकांना बसवत नसत. आमच्या आईवडिलांना बसवायचे.

माझ्या केसला अण्णा जज.

कडक इस्त्रीचा सदरा. समोर सरांनी स्वतः मराठीत उतरवून दिलेली व्यापार कराराची कलमं. आणि मी चाळीस मिनिटं जीव तोडून सांगत होते की भारताने कॅनडाचा वाटाणा अडवणं कसं चूक आहे. हरभरा पिकवणाऱ्या बापाच्या तोंडावर.

अण्णांनी कागद दोनदा वाचला.
"कागद पोरीच्या बाजूनं हाय. निकाल कॅनडाला."

सरांनी तो निकाल अण्णांच्याच शब्दांत लिहून घेतला. खाली त्यांची सही घेतली.

परत येताना बसमध्ये लोहा गाव येईपर्यंत अण्णा ती कलमं पुन्हा वाचत होते. मग म्हणाले, "निकाल बरोबरच दिला म्या. पर माय, मंग आपला हरभरा कुठं इकू?"



याचं उत्तर मला आजही येत नाही. पीएचडीला बसले ती त्या एका प्रश्नापायी. सरांना ते माहीत होतं.

किती वेळा विचारलं असेल त्यांना. "सर, तुमचं स्वतःचं मत काय? अण्णा बरोबर की मी?"
चष्मा पुसत म्हणायचे, "माझं मत पेपरात येत नाही. पुढं चल."

चार महिन्यांपूर्वी मी चिडले. म्हटलं, "सर, तुम्हाला मतच नाहीये. सगळ्यांच्या बाजूने बोलायचं आणि आपण नामानिराळं राहायचं."

 त्यांनी चहा सांगितला. चहा यायच्या आत मी उठून निघून आले.

प्रबंधाचा शेवटचा चॅप्टर मग टपालाने पाठवला. मी राहते लातूरला, तिथून नांदेड काय परदेश आहे का? पण नाही गेले.

आज गेले. सावडण्याला.

नंतर सरांच्या घरी सगळे बसलो होतो. माझ्या वर्गातल्या दालमिलवाल्याचे वडील डोळे पुसत म्हणाले, "आमच्या बाजूनं बोलणारे हेच एक मास्तर होते."
शेजारी अर्धापूरचे एक शेतकरी होते. ते म्हणाले, "आमच्या म्हना की. सर शेतकऱ्याचे होते."
दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मी दोघांकडे.

मग काकूंनी, सरांच्या मिसेसनी, माझा चॅप्टर आणून हातात दिला.
"तुझा आहे बघ. उशाशीच होता. रोज काहीतरी खोडून राहिले होते."

पानोपानी पेन्सिल. शेवटच्या पानावर माझं वाक्य होतं, 'दोन्ही बाजूंच्या हिताचा समतोल साधला गेला पाहिजे.'

सरांनी ते आडव्या रेघेनं खोडलं होतं. खाली लिहिलं होतं:

"कॅनडा, हे वाक्य मी आयुष्यभर लिहिलं. उत्तर येत नसलं की हे लिहितात. अण्णा काय विचारत होते?"

म्हणजे सरांनाही माहीत नव्हतं? की माहीत होतं, आणि मीच शोधावं म्हणून गप्प राहिले? संध्याकाळपासून तेच पान वाचतेय. एकदा वाटतं हे, एकदा वाटतं ते. खरंच कळत नाहीये.

अण्णांना फोन केला. आधी त्यांनी सावडणं नीट झालं का ते विचारलं. मग म्हणाले, "मला जज केलतं त्या मास्तरनं. आजवर माझं म्हननं कुनी लिहून घेतलं न्हवतं."

तेव्हा मी रडले.

पुढच्या महिन्यातलं सबमिशन मी पुढे ढकलतेय. उद्या रेणापूरला जातेय. हरभरा काढणीला आलाय. दुपारी अण्णा बांधावर टेकले की त्यांना चॅप्टर वाचून दाखवणार. शेवटचं पान कोरं ठेवून.

सर, त्या दिवशी जे बोलले ते मागे घेते. चहा न घेता उठायला नको होतं मी.

शेवटचा नमस्कार, सर.

तुमची,
कॅनडा