चीजवाल्याची बायको

सौदीतल्या जुबैलच्या रखरखाटात आल्प्सचा बर्फ पाडायचं खूळ माझंच. आमच्या इथल्या मराठी मंडळात दरवर्षी त्याच त्या लावण्या बघून मला वीट आला होता, म्हणून मी एक संगीत विनोदी नाटक लिहिलं. स्विस खेडं, बकऱ्या झालेली मुलं, त्यांच्या गळ्यात घंटा, आणि एक चीजवाला. नवऱ्याच्या कंपनीत पंपांबरोबर आलेल्या थर्माकोलचे डोंगर झाले. चीजवाला माझा नवराच झाला. त्याला सूर नाही, पण तो नुसता उभा राहिला तरी लोक हसतात.

शेवट मात्र मी हसण्यासाठी लिहिला नव्हता. चीजवाल्याची बायको चांगली गाते. खालच्या गावातली शाळा तिला गाणं शिकवायला बोलावते. नवरा कुरकुरतो, बकऱ्या आडव्या येतात, आणि अखेर तोच तिची बॅग उचलून तिला डोंगराखाली सोडायला निघतो. सगळं गाव निरोपाचं गाणं म्हणतं.

ही बायको कोण, ते मंडळात सगळ्यांना कळत होतं. चिपळूणजवळच्या एका शाळेनं मला संगीत शिक्षिका म्हणून बोलावलं होतं. अकरा वर्षं इथल्या मुलांना हौसेखातर सारेगम शिकवल्यावर ही पहिली माझी स्वतःची नोकरी. जूनमध्ये मी लेकीला घेऊन जायचं आणि नवऱ्यानं वर्षभरानं यायचं, असं आमचं ठरलं होतं. ठरलं म्हणजे मी बोलले आणि तो "बघू, करू" म्हणाला. त्याला मी होकार समजले, हा माझा मूर्खपणा.

लेकीची परीक्षा होती म्हणून शेवटच्या दोन तालमींना मी गेले नाही.

प्रयोगाला मी विंगेत पेटी घेऊन बसले होते. निरोपाच्या गाण्याचा सूर दिला आणि गावकरी गायला लागले. चाल माझी होती, शब्द माझे नव्हते. "कुठं निघालीस, चूल तुझी वाट बघते" असं काहीतरी. चीजवाल्यानं बायकोच्या हातची बॅग काढून घेतली आणि त्या बॅगेवरच बसकण मारली. बकऱ्यांनी भोवती फेर धरला. लोक हसून हसून बेजार. बायको लाजत त्याच्या शेजारी बसली. माझी बोटं चालूच होती, कारण गाणारा गात असताना साथ सोडायची नाही, असं गुरुजींनी लहानपणीच अंगात मुरवलंय.

पडदा पडला तसा नवरा टोपीचं पीस सावरत विंगेत आला.

"कसा केला शेवट?"

"हे कधी ठरलं?"

"गेल्या तालमीत. अगं, लोकांना गोड शेवट लागतो."

"आणि माझी शाळा?"

त्यानं घाम पुसला. "त्यांना मी कळवलं. तुझ्याच मेलवरून, घरची अडचण आहे म्हणून. तुझा इथं राहायचा इकामाही रिन्यू झालाय. प्रयोग झाल्यावर सांगणार होतो, उगीच तुझा मूड जायला नको."

"कधी कळवलंस?"

"झाले आठ दिवस."

शेजारी उभे असलेले गावकरी आपापल्या टोप्या नीट करत होते. एकानंही माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणजे त्यांनाही माहीत होतं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

बाहेर "वन्स मोअर" सुरू झालं. तो धावत जाऊन परत बॅगेवर बसला आणि त्यानं मला हात केला. मी तिथंच पेटी बंद करायला हवी होती. मी वाजवलं. दुसऱ्या वेळी मला ते शब्दही पाठ झाले होते.